चौदा जणांच्या बॅचमध्ये बोलतं कोण?

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. त्या इंग्रजी घेऊन एम.ए. झाल्या आहेत, पूर्वी शाळेत शिकवायच्या. दीड वर्षापासून मोठ्या माणसांसाठी स्पोकन इंग्लिशची बॅच घेतात, संध्याकाळी सात ते साडेआठ, आठवड्यातून तीन दिवस. सध्या १४ जण येतात. त्यात शिरोली एमआयडीसीतले फौंड्री सुपरवायझर आहेत, ५२ वर्षांचे एक कारखानदार, कोल्हापुरी चपलांचा व्यापार करणारा एक तरुण, दोन नर्स आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या एक आजी. तीन महिन्यांत टेन्स, आर्टिकल्स, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह सगळं झालं. वर्कशीट चोख येतात, पण 'टेल मी अबाउट युवर वर्क' म्हटलं की माना खाली. कारखानदार म्हणतात, "मॅडम, आधी व्याकरण पक्कं करून घ्या, बोलणं मग आपोआप येतंय." ताईंच्या यजमानांनी सुचवलंय, वर्गात मराठी बोलेल त्याला दहा रुपये दंड लावा. त्यात आता ओळखीतून ऑनलाइन शिकवण्याबद्दल विचारणा आली आहे, जपानमधल्या दोघांची आणि ब्राझीलमधल्या एका बाईंची. ताई विचारतात, "माझे उच्चार मराठी वळणाचे. मी परदेशी माणसांना इंग्रजी शिकवणं ही त्यांची फसवणूक नाही का? आणि इथल्या बॅचचं मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे: "दीड तास बोलून माझा घसा बसतो, पण ही मंडळी गप्पच." तिथूनच सुरुवात करू या.

एक हिशेब मांडून बघा. वर्ग ९० मिनिटांचा. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे समजावून सांगण्यात ५० मिनिटं जातात, वर्कशीटमध्ये २०. उरलेली २० मिनिटं १४ जणांत वाटली तर माणशी दीड मिनिटही येत नाही. बारा आठवड्यांचे ३६ वर्ग झाले. एकही दिवस न बुडवणारा माणूस धरला, तरी तीन महिन्यांत तो इंग्रजी बोलला जेमतेम ५० मिनिटं. एवढ्यात कोणाचीच जीभ वळत नाही. तुम्ही त्यांना बुजरे म्हणता. थोडे असतीलही. पण आधी त्यांची पाळी येऊ द्या, मग ठरवू.

आता कारखानदारांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका. शाळेत त्यांनी इंग्रजी हा मार्कांचा विषय म्हणून शिकला, चूक झाली की लाल शाई, त्यामुळे आधी पक्कं आणि मग बोलणं हा क्रम डोक्यात घट्ट बसलाय. पण नियम माहीत असणं वेगळं आणि तो वेळेवर जिभेवर येणं वेगळं. 'यस्टर्डे' दिसलं की 'वेन्ट' लिहायचं, हे त्यांना वहीसमोर पाच सेकंदांत आठवतं. फोनवर पाच सेकंद गप्प बसलं की पलीकडची पार्टी 'हॅलो? हॅलो?' करायला लागते. आठवण्याचा हा वेळ कमी होतो तो बोलून, आणि तेही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलून. व्याकरण शिकवाच, मोठ्या माणसांना नियम कळला की बरं वाटतं. फक्त ते वर्गाच्या शेवटी न्या, पंधरा-वीस मिनिटं, आणि त्या दिवशी त्यांनीच केलेल्या चुकांमधून उचला.

मग सुरुवातीला काय? ४-३-२ नावाची एक जुनी पद्धत आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि पुढे न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी तिचा अभ्यास केला. एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची, पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. तुमच्या बॅचला ती ३-२-१ करून घ्या. सात-सात खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा. एका रांगेने बोलायचं, दुसरीने ऐकायचं. वेळ संपली की ऐकणाऱ्यांनी एकेक खुर्ची सरकायचं, टोकाच्या माणसाने पहिल्या खुर्चीवर यायचं. तीन फेऱ्या झाल्या की रांगांनी कामं बदलायची. खुर्च्या सरकवण्यासकट पाव तासात प्रत्येक जण सहा मिनिटं बोललेला असतो. तुमच्या सध्याच्या चार वर्गांत मिळून माणशी तेवढं बोलणं होतं.

विषय प्रत्येकाच्या हातातला द्या. चपलांच्या व्यापाऱ्याला म्हणा, चप्पल कशी होते ते सांग. पहिल्या फेरीत तो 'दिस लेदर… लेदर इज… म्हणजे बफेलो' असा अडखळेल, बाभळीच्या सालीला इंग्रजीत काय म्हणतात तिथे अडेल. दुसऱ्या फेरीपर्यंत 'बार्क' हा शब्द शेजारच्याकडून कानावर आलेला असतो. तिसऱ्या फेरीत तोच म्हणतो, 'दिस इज बफेलो लेदर. वी टॅन इट विथ बार्क. वी डोन्ट यूज नेल्स, वी स्टिच इट विथ लेदर.' ही तीन-चार वाक्यं महाद्वार रोडवरच्या दुकानात परदेशी गिऱ्हाईक उभं राहिलं की जशीच्या तशी कामाला येतात. पुढच्या आठवड्यात '२०१९ मध्ये याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला' हे वाक्य त्यात घाला, कारण 'इज धिस ओरिजिनल?' हा प्रश्न गिऱ्हाईक त्याला विचारणारच आहे.

यात काय काय बिघडतं तेही आधीच सांगून ठेवते. माणसं भाषण लिहून आणतात आणि वाचतात. म्हणून कागद छोटा द्या, त्यावर फक्त पाच शब्द लिहायची परवानगी. ऐकणारा नुसता मान हलवतो. त्यालाही काम द्या, शेवटी एक प्रश्न विचारायचाच. नवख्याचं बोलणं तीन मिनिटांच्या आधीच संपतं आणि तो ओशाळतो. अशांसाठी सुरुवातीला ९०, ६० आणि ४५ सेकंद पुरे. कोणी गैरहजर राहून तेरा जण झाले तर एक तिघांचा गट करा, पण रिकाम्या खुर्चीवर तुम्ही बसू नका. तुम्ही बसलात की सगळ्यांचे कान तुमच्याकडे लागतात आणि बाकीच्या सहा जोड्यांत काय चाललंय ते तुम्हाला ऐकू येत नाही. आणखी एक नाजूक गोष्ट. बॅचमध्ये एकाच फौंड्रीतले मालक आणि सुपरवायझर असतील तर पहिले काही आठवडे त्यांना समोरासमोर आणू नका. मालकासमोर चुकायची भीती इंग्रजीच्या भीतीहून मोठी असते. आणि सात जण एका वेळी बोलले की गलका होणार, खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

दुसरा प्रकार अर्ध्या-अर्ध्या माहितीचा. जोडीतल्या एकाकडे एक चिठ्ठी, दुसऱ्याकडे दुसरी, आणि बोलल्याशिवाय काम पुरं होत नाही. फौंड्रीवाल्यांसाठी एक नमुना देते. पहिली चिठ्ठी परदेशातल्या खरेदीदाराची: ५०० कास्टिंग (ओतीव भाग) मिळाली, १८ मध्ये ब्लो होल (हवेने राहिलेली पोकळी), बदली माल २० तारखेपर्यंत हवा. दुसरी चिठ्ठी कारखान्याची: स्टॉकमध्ये १० नग तयार, पुढची हीट (धातू वितळवून ओतण्याची पुढची खेप) १५ तारखेनंतर, विमानाने माल पोचायला चार दिवस. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, फोनवर बसल्यासारखं. समोरासमोर बसवलंत तर दोन मिनिटांत चिठ्ठ्या एकमेकांना दाखवून मोकळे होतील. किती नग कोणत्या तारखेला, हे ठरवून दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि मग कागद जुळवायचे. एकाच्या कागदावर १८ आणि दुसऱ्याच्या ८० निघाले, की 'एटीन' आणि 'एटी' यांतला फरक शिकवायला याहून चांगली वेळ नाही. 'टीन'वर जोर द्या आणि ते लांबवा, तरीही शंका असेल तर 'वन एट' असे आकडे सुटे सांगा. नर्ससाठी असाच पेशंट आणि वॉर्डचा संच करा, आजींसाठी नातू आणि त्याची शाळा.

या कामाआधी पाच मिनिटं चार-पाच तयार वाक्यं घोटून घ्या: 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?', 'डू यू मीन एटीन?', 'लेट मी चेक अँड कॉल यू बॅक', 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?' माणूस गप्प होतो तो बहुतेक वेळा अडकल्यावर काय म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे. ही वाक्यं तोंडात असली की तो अडकूनही फोन धरून ठेवतो.

आता चुका सुधारण्याबद्दल, कारण इथे चांगले शिक्षकही फसतात. विद्यार्थी म्हणतो, 'ही गो टू पुणे यस्टर्डे.' तुम्ही हसून म्हणता, 'ओह, ही वेन्ट टू पुणे?' तो म्हणतो, 'यस, यस!' तुम्हाला वाटतं चूक सुधारली. त्याला वाटतं मॅडमना बातमी कळली. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षक सर्वांत जास्त याच पद्धतीने सुधारत होते आणि विद्यार्थी सर्वांत कमी प्रतिसाद यालाच देत होते. त्यापेक्षा 'यस्टर्डे ही…?' एवढं म्हणून थांबा आणि त्यालाच शब्द शोधू द्या. थांबा म्हणजे खरंच थांबा, मनात एक ते तीन मोजून. शिक्षक एका सेकंदातच उत्तर देऊन टाकतात. आणि जोड्या बोलत असताना मधे पडूच नका. वही घेऊन मागून फिरा, कानावर येणारी वाक्यं टिपा, शेवटी फळ्यावर सहा लिहा, चार चुकीची आणि दोन छान जमलेली, कोणाचंही नाव न घेता. चुकीची कोणती ते बॅचने शोधायचं.

त्या सहा वाक्यांत काय सापडेल ते आत्ताच सांगता येतं, कारण ते मराठीतून आलेलं असेल. जेवायला हाक मारली की आपण जागचे न हलता 'आलो, आलो' म्हणतो. काळ बघा, चक्क भूतकाळ. तोच माणूस फोनवर 'आय केम, आय केम' म्हणतो आणि पलीकडचा दार उघडून बघतो. तिथे 'आय ॲम कमिंग' हवं. 'जाऊन येतो'चं 'आय गो अँड कम' होतं, हवं असतं 'आय विल बी बॅक'. 'उद्या पाठवतो'चं 'आय सेंड टुमॉरो' होतं आणि पार्टीला कळत नाही की हा शब्द देतोय की सवय सांगतोय. 'तुम्ही कुठे थांबलात?'चा शब्दक्रम तसाच उचलला की 'यू स्टेड व्हेअर?' होतं.

यात सर्वांत महाग पडते ती सभ्यतेची चूक, आणि ती व्याकरणात धरताच येत नाही. आपला मान क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'पाठव' आणि 'पाठवा', एका कान्याने माणूस अरे-तुरेचा अहो-जाहो होतो. इंग्रजीत तो कानाच नाही. म्हणून 'ड्रॉइंग पाठवा' असं अगदी अदबीने मनात म्हणणारा कारखानदार तोंडाने 'सेंड ड्रॉइंग' म्हणतो आणि समोरच्याला ते हुकमासारखं लागतं. इंग्रजी तो मान वाक्याच्या सुरुवातीला ठेवते: 'कुड यू सेंड मी द ड्रॉइंग, प्लीज?' हा मुद्दा तुमच्या कारखानदारांना अशाच शब्दांत सांगा. त्यांना हवं असलेलं व्याकरण हेच आहे, आणि ते उद्या सकाळी फोनवर वापरता येतं.

हे सगळं मराठीशी ताडून बघितल्याशिवाय शिकवता येणार नाही. म्हणून दंडाची कल्पना सोडून द्या. दहा रुपये वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे तोंडच न उघडणं, आणि गप्प बसणारे तर तुमच्याकडे आधीच १४ आहेत. मराठीला ठरलेली जागा द्या. काम समजावताना मराठी, शेवटी चुका उलगडताना मराठी. मधल्या जोडीच्या वेळात इंग्रजी, पण एखादा शब्द अडला तर तो मराठीत घालून वाक्य पुरं करायची मुभा. आजी 'माय ग्रँडसन लाइक्स पुरणपोळी व्हेरी मच' म्हणाल्या तर त्यात सुधारण्यासारखं काहीच नाही.

आता उच्चारांचं आणि त्या 'फसवणुकी'चं. तुमच्या मनात एक गृहीत बसलंय की इंग्रजी शिकवायचं म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसासारखं बोलता आलं पाहिजे. जपानमधली ती दोन माणसं उद्या कोणाशी इंग्रजी बोलणार आहेत? सहकारी कोरियाचा असेल, खरेदीदार जर्मनीचा, इंजिनिअर भारताचा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा माणसांच्या आपसांतल्या बोलण्याचा बराच अभ्यास झाला आहे, आणि त्यातून दिसतं की काही उच्चार चुकले तर अर्थ हुकतो आणि काहींनी काहीच बिघडत नाही. 'थ'चा तो जीभ दातांत धरण्याचा उच्चार दुसऱ्या गटातला, त्यावर तास घालवू नका. स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घपणा मात्र पहिल्या गटातला, 'शिप' आणि 'शीप'. तसंच वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावरचा जोर: 'आय सेड मंडे, नॉट संडे.' आपल्यासाठी त्यात भर घाला व आणि व्हची. लिहिताना आपण 'वाइन' आणि 'व्हॅन' असा फरक करतो, पण बोलताना दोन्हीकडे ओठ एकसारखेच हलतात. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वाइन'ला दात लांब, ओठ शिट्टी वाजवताना होतात तसे गोल. आरशासमोर रोज पाच मिनिटं याप्रमाणे महिनाभर करा, आधी स्वतः, मग बॅचकडून.

परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्याच मेसेजमध्ये सांगा की तुम्ही भारतातल्या आहात, मराठी तुमची मातृभाषा आहे आणि तुम्ही संभाषणाचा सराव घ्याल. अर्ध्या तासाचा पहिला वर्ग विनामूल्य ठेवा, बोलणं ऐकून त्यांनाच ठरवू द्या. जे आधीच सांगितलं त्यात फसवणूक कसली? उलट इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकलेल्या शिक्षिकेला कुठे ठेच लागते ते ठाऊक असतं. जपानी भाषेतही आर्टिकल नाहीत, मराठीतही नाहीत, 'अ' आणि 'द'ची अडचण तुम्हाला समजावून घ्यावी लागणार नाही.

तयारी मात्र वेगळी लागेल. जपानी माणसाला आर आणि एल हे दोन आवाज वेगळे ऐकू येणं अवघड जातं, आणि व्यंजनानंतर स्वर जोडायची सवय असते. प्रश्न विचारल्यावर ते विचार करायला गप्प राहतात. ती शांतता मोडू नका. ब्राझीलच्या पोर्तुगीज बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्दाच्या शेवटी 'ई' येते, 'फेसबुक'चं 'फेसबुकी'. तुमच्या स्वतःच्या बोलण्यातून लाख, कोटी, प्रिपोन, आउट ऑफ स्टेशन, डू द नीडफुल हे शब्द बाजूला काढा, बाहेर बहुतेकांना ते कळत नाहीत. तारीख आकड्यांत न लिहिता महिन्याच्या नावाने लिहा, ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल हे देशागणिक बदलतं. आणि आपल्याकडे ओळख होता होता विचारले जाणारे प्रश्न, वय किती, लग्न झालं का, पगार किती, पहिल्या काही वर्गांत टाळा. ते का टाळायचे हा तुमच्या इथल्या बॅचसाठीही एक चांगला धडा आहे.

शेवटी जाहिरातीबद्दल, कारण पत्रासोबत तुम्ही पत्रक पाठवलंय आणि त्यावर 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्लिश' असं आहे. ते काढा. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेच्या अंदाजानुसार शून्यापासून ए-टू पातळीला, म्हणजे रोजचे साधे व्यवहार जमायला, सुमारे १८० ते २०० तास लागतात, आणि बी-वनपर्यंत, म्हणजे ओळखीच्या विषयांवर स्वतःहून बोलायला, ३५० ते ४००. तुमचा तीन महिन्यांचा कोर्स ५४ तासांचा. तुमची माणसं शून्यावर नाहीत, शाळेतलं बरंच खाली साठलेलं आहे, तरीही ५४ तासांत फाडफाड होत नाही. होऊ शकतं ते असं: ठरावीक पाच-सहा प्रसंग न घाबरता निभावणं. पत्रकावर तेच लिहा. आणि प्रगती दिसावी म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःच्याच मोबाइलवर एक मिनिट बोलणं रेकॉर्ड करायला सांगा. दर चार आठवड्यांनी पुन्हा त्याच विषयावर. ऐकायचं त्यांनीच, हवं तर तुम्हाला ऐकवायचं.

येत्या सोमवारी वर्कशीट नेऊ नका. एक कोरा कागद द्या आणि विचारा, 'गेल्या महिन्यात इंग्रजीवाचून तुमचं कुठे अडलं?' प्रत्येकाने तीन प्रसंग लिहायचे, मराठीत चालतील. १४ जणांचे ४२ प्रसंग होतील, एकसारखे वगळले तरी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यात आहे. आणि टोकियोची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. तुमच्या बॅचआधी साडेपाचला बसलात तर तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतील, कामावरून आलेल्या माणसाला सोयीचे. ब्राझीलच्या त्या बाई साओ पाउलोकडच्या असतील तर तिकडे घड्याळ आपल्यामागे साडेआठ तास असतं. त्यांना दुपारी साडेचारची वेळ द्या, त्यांचे सकाळचे आठ. पहिला महिना तिघांनाही आठवड्यातून एकेकच वर्ग ठेवा.